चौथ्या वर्षीची फुली

"श्रीन्या, यातलं एक पिंप गेलंय," दिगंबर म्हणाला. "आंबूस वास मारतोय. माझ्या तपकिरीनं मेलेल्या नाकालासुद्धा कळतंय म्हणजे बघ. आता कुठलं ते तू सांग."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. नाशिकबाहेर गंगापूर रस्त्याला दिगंबरचं शेत आहे. त्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बिअरची पाच पिंपं ओळीनं उभी होती आणि माझ्या हातात पांढऱ्या खडूचा तुकडा होता. बाहेर आमची बाकीची मंडळी टेबलं मांडत होती, पताका लावत होती. चार वाजता लोक यायला लागणार होते.

"सांगतो. जरा दम धर," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला काहीच सांगता येणार नव्हतं. बारा दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या तापात माझा वास साफ गेला होता. घरात दूध उतू जाऊन करपलं तेव्हा मी शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलो होतो. बायको धावत आली, तिनं आधी गॅस बंद केला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर तोंडासमोर धरला.

वास जाणं हे इतर कुणाच्या बाबतीत चेष्टेवारी नेता आलं असतं. मी मात्र नाकावर जगणारा माणूस. अगरबत्तीच्या कारखान्यात बावीस वर्षं मिश्रणं करत होतो. मोगरा नंबर चार आणि मोगरा नंबर सात यांतला फरक डोळे मिटून सांगायचा, याचा मला पगार मिळायचा. कारखान्यात मी सर्दी झाल्याचं सांगून रजा टाकली होती. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल, कधी ते सांगता येत नाही. करोना यायला अजून बरीच वर्षं होती. वास जातो म्हणजे काय होतं, हे तेव्हा कुणाला समजावूनही पटलं नसतं.

आणि इथे, आमच्या जत्रेत, मी म्हणजे नाक.

जत्रेचं सांगायला हवं. नाशिक हे द्राक्षांचं गाव. वाइन म्हटली की इथे पाहुणचार, आणि बिअर म्हटली की लोक नाकं मुरडतात. दिगंबर तिडके हा माझा शाळेपासूनचा मित्र. पाइप आणि नळांचं दुकान चालवायचा आणि मनानं जन्मजात उलट्या वळणाचा. "वाइनला एवढं डोक्यावर घेता, बिअरच्या जवानं काय घोडं मारलंय?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या शेतात 'जवाची जत्रा' सुरू केली. रीतसर परवाना काढायचा, लहान लहान बिअर करणाऱ्यांना बोलवायचं, आणि काम सगळं आम्ही नऊ जणांनी फुकट करायचं. डबे घरून आणायचे. जत्रा उठेपर्यंत कामावरच्या माणसानं एक घोटही घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम माझा. पहिल्या वर्षी आमच्यातलेच दोघे दुपारी तीन वाजता गवतावर आडवे झाले होते, तेव्हापासूनचा.

दुसरा नियमही माझाच. सकाळी प्रत्येक पिंपाची तोटी उघडून मी वास घ्यायचा. जे बिघडलं असेल त्यावर खडूनं फुली. फुलीवर चर्चा नाही. फुलीचं पिंप बिअर करणाऱ्यानंच स्वतःच्या हातानं नारळाच्या बुंध्याशी ओतून द्यायचं, म्हणजे मागच्या दारानं ते पुन्हा कुठे विकायला नको. तीन वर्षांत मी चार फुल्या मारल्या होत्या आणि चारही वेळा ज्याचं पिंप त्यानंच मान डोलावली होती. लोक ही गोष्ट एकमेकांना रंगवून सांगायचे. मलाही ती ऐकायला आवडायची, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी शेताकडे येताना दिगंबरला सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं होतं. पण शेडपाशी उतरतो न उतरतो तोच त्यानं माझा दंड धरला आणि पुण्याहून आलेल्या प्रसन्न दाभाडे नावाच्या उंचपुऱ्या माणसापुढे मला उभं केलं.

"हे लोणकर. आमचं नाक. याच्यापुढे देवाची सुटका नाही."

दाभाडे हसला, वाकून हात मिळवला. माझं सांगायचं राहून गेलं.

तर ती पाच पिंपं. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. दोन पुण्याची, त्यांतलं एक दाभाडेचं. एक ठाण्याचं. एक नाशिकमधल्याच एका हॉटेलवाल्याचं. चौथ्या जागेवरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नागली. यमुना भोये, सुरगाणा.'

मी पहिल्या पिंपाची तोटी उघडली. ग्लासात बोटभर घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. डोळे मिटले की लोक गप्प होतात, हे मला ठाऊक होतं. पाण्याचा वास घ्यावा तसं झालं. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सगळं तसंच. जिभेला लावलं असतं तर आंबट आहे की नाही हे तरी कळलं असतं. पण घोट घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला, आणि दिगंबर डोळ्यांत तेल घालून समोर उभा.

मी दुसरी फेरी मारली. तिसरीही मारली.

"काय रे, आज फार वेळ?" दिगंबर म्हणाला.

मी चौथ्या पिंपावर फुली मारली.

"वाटलंच होतं," कुणीतरी मागून म्हणालं. कोण ते मी वळून पाहिलं नाही.

यमुना भोये शेडच्या दारात उभी होती. तिशीची असेल. दुधाच्या डेअरीत सहा वर्षं नोकरी करून, ती सोडून तिनं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटासा गाळा घेतला होता आणि गावाकडच्या नागलीची, म्हणजे नाचणीची, बिअर करायला लागली होती. आमच्याकडे ती पहिल्यांदाच आली होती. तिच्यासोबत तिचे वडील आले होते. परीटघडीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायांत नवी चप्पल. मुलीचं पिंप पाचशे लोकांपुढे उघडणार म्हणून पहाटेच्या एसटीनं सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातून उतरले होते.

ती पुढे आली. फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, कसला वास येतोय?"

फुलीवर चर्चा नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"सांगा ना. म्हणजे पुढच्या वेळी मला सुधारता येईल."

"धुराचा," मी म्हणालो. "चुलीच्या धुराचा. आणि ओल्या घोंगडीसारखा काहीतरी."

ती गोंधळली. "सर, माझ्याकडे चूल नाहीये. सगळं विजेवर चालतं. स्टीलची टाकी आहे, डेअरीत असते तशी. घोंगडी तर..." ती थांबली आणि एकदम वडिलांकडे पाहिलं. म्हातारा आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत होता.

"एक घोट घेऊन बघता का?" ती म्हणाली.

"नियम आहे."

"मग वास तरी परत घ्या. एकदाच. माझ्यासाठी."

मी बरं म्हणालो. ती पिंपांपाशी गेली. आमच्याकडे पाठ करून तिनं ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. आत लालसर काळी बिअर, वर फेस. मी डोळे मिटले, चांगला लांब श्वास घेतला.

"हाच," मी म्हणालो. "हाच तो धूर. सॉरी."

डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. रागावली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण एखादा अवघड हिशेब सुटल्यावर माणूस जसा पाहतो तशी ती पाहत होती.

"बरं," ती म्हणाली.

पिंप तिनंच नारळाच्या बुंध्याशी लोटत नेलं, कुणाला हात लावू दिला नाही. तोटी मोकळी सोडली. ओतायला बराच वेळ लागतो. फेस आळ्यातून वाहत पायवाटेपर्यंत आला. म्हातारे खाली बसले, त्या ओल्या मातीला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

दिगंबरला राहवलं नाही. "काका, हे काय?"

उत्तर यमुनानं दिलं. "आमच्यात पहिली धार जमिनीला देतात, देवाला नि वाडवडिलांना. आज सगळीच दिली."

"चल पोरी," म्हातारे उठत म्हणाले. टेम्पोत बसताना त्यांनी सदरा झटकला आणि बाही नाकाशी नेऊन पाहिली. ते मी पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं.

चार वाजता लोक आले. पाच वाजता पहिला माणूस दाभाडेचा ग्लास परत घेऊन आला. मग दुसरा, मग एक अख्खं टेबल. शेवटी दिगंबरनं जत्रेचा नियम मोडून चमचाभर जिभेवर घेतली आणि थुंकली.

"व्हिनेगर झालंय," तो म्हणाला. "लोणक्या, सकाळी तर ठीक होतं ना?"

"ठीक होतं."

"उन्हानं गेलं असणार. दाभाडे बिचारा, एवढ्या लांबून आला नि..."

दाभाडेच्या पिंपावर कुणी फुली मारली नाही. ते गुपचूप बाजूला ठेवलं, आणि संध्याकाळी निघताना आम्ही त्याला दिगंबरच्या बागेतले पेरूही बांधून दिले. उन्हात इतर पिंपंही होती, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी पेरू मोजून पिशवीत भरत होतो.

नाशिकच्या ज्या हॉटेलात यमुनाची बिअर लागणार होती, त्या हॉटेलवाल्याचं पिंप त्या दिवशी ओळीत तिसरं होतं. त्यानं फुली डोळ्यांनी पाहिली होती. पंधरा दिवसांत त्यानं तिला नाही म्हणून कळवलं. दिवाळीपर्यंत तिनं अंबडचा गाळा सोडला. हे मला दिगंबरनंच सांगितलं, चहा पिता पिता, पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

माझा वास दोन महिन्यांनी परत आला. जिन्यात शेजारच्यांची हिंगाची फोडणी आली आणि मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मला पहिल्यांदा आठवली ती म्हाताऱ्याची बाही.

पुढच्या वर्षी तयारीच्या बैठकीत मी दोन गोष्टी सुचवल्या. पिंपांवर नावं, गावं नकोत, फक्त नंबर असावेत. आणि वास एकट्यानं न घेता तिघांनी घ्यावा, तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहावं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात मोठं मन," दिगंबर म्हणाला. "स्वतःचा मान स्वतःच्या हातानं वाटून टाकला." मी हात जोडले. त्या टाळ्या मी घेतल्या आणि घरीही नेल्या.

त्यानंतर करोनात गावभर लोकांचे वास गेले. जो तो फोनवर तेच सांगत होता. बोलायचं असतं तर तेव्हा मला चांगली संधी होती. दिगंबरचाही गेला. फोन करून म्हणाला, "श्रीन्या, तुझं काही असं झालं असतं तर काय रे केलं असतंस?" मी म्हणालो, "देव करो नि न होवो."

यंदा जत्रेला पंधरावं वर्ष. दिगंबरनं स्मरणिका काढायचं मनावर घेतलं आणि जत्रेचा इतिहास माझ्या गळ्यात मारला.

"नंबरांचं खास लिही," तो म्हणाला. "आता बाहेरगावचे लोक येऊन आपली पद्धत शिकून जातात. तुला ती कशी सुचली ते सविस्तर लिही."

मी लिहायला बसलो. 'सर्वांना समान न्याय मिळावा या हेतूने' असं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेही फाडलं. चौथ्या दिवशी सकाळी चौकशी करत करत पेठ रस्त्याला लागलो.

यमुना भोये आता नागलीची बिस्किटं करते. डांबरी रस्त्याला लागूनच शेड आहे, आठ-दहा बायका कामाला आहेत. आत पाऊल टाकलं आणि वास आला. भाजलेल्या मोड आलेल्या नागलीचा. गरम भाकरीचा पापुद्रा फोडल्यावर येतो तसा, आणि त्यामागे थोडा गुळाचा. मी दारातच थांबलो.

"या सर," ती म्हणाली. केस पांढरे व्हायला लागले होते, पण मला तिनं लगेच ओळखलं. "बसा. चहा घेणार?"

"हा वास..."

"नागलीचा. मोड काढून भाजते. बिअरलाही हीच घालायचे मी."

मी बसलो. चहा आला. वडिलांची चौकशी केली. चार वर्षांपूर्वी गेले, ती म्हणाली. मग मी आणलेला कागद तिच्यापुढे ठेवला. त्यात मी सगळं लिहिलं होतं असं मला वाटत होतं. ताप, गेलेला वास, नोकरीची भीती, दिगंबर समोर उभा असणं, आणि नाक चालत नसताना माझ्या हातून झालेली चूक. खाली तिची माफी मागितली होती.

तिनं कागद दोनदा वाचला. घडी घातली.

"तुमचा वास गेला होता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"मी तुम्हाला दुसऱ्यांदा ग्लास दिला ना, तो माझ्या पिंपातला नव्हता. दाभाडेंचा होता. बिघडलेलं ते होतं. शेडच्या दारातून मला वास आला होता. तो तुमच्या नाकाला लावला, आणि तुम्ही म्हणालात, हाच चुलीचा धूर."

बाहेरून एक ट्रक गेला. चहाच्या कपातला चमचा वाजला.

"मग तेव्हाच का बोलली नाहीस? सगळ्यांसमोर?"

"कोणाला पटलं असतं, सर? नाक तर तुम्ही. आणि वाटलंच होतं असं म्हणणारे मागे उभेच होते." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "बाबांना मात्र मी सांगितलं. त्यांनी काही ऐकलं नाही. शेवटपर्यंत कुठे लग्नाकार्याला जायचं असलं की सदरा आधी मला हुंगायला द्यायचे. धूर येतोय का गं, विचारायचे."

हात जोडावेत असं वाटलं, पण जोडलेल्या हातांची मला त्या वेळी किळस आली.

"माफी वगैरे राहू द्या," ती म्हणाली. "एक गोष्ट मला इतकी वर्षं विचारायची होती. तुम्ही लिहिलंय, वास येत नव्हता म्हणून चूक झाली. वास येत नव्हता तर पाचही पिंपं तुम्हाला सारखीच. मग माझंच का?"

मी कागदाकडे पाहत राहिलो. ती थांबली. भट्टीतले ट्रे बाहेर आले, बायकांनी ते फळीवर मांडले, एकीनं दोन बिस्किटं बशीत घालून माझ्यासमोर ठेवली. ती अजून थांबली होती.

"ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "मला नका सांगू. पण तिथे लिहा."

घरी आल्यावर मी जुना कागद फाडला आणि नवा घेतला. जत्रेचा इतिहास दिगंबरकडे कालच दिला. त्यानं तिथेच उभ्यानं वाचला, तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली. छापणार की नाही, ते अजून बोललेला नाही. नंबरांची पद्धत कशी सुरू झाली त्याबद्दल मी एवढंच लिहिलं आहे : 'चौथ्या वर्षी शेडमध्ये पाच पिंपं होती. मला एकाचाही वास आला नाही. मी चिठ्ठ्यांवरची नावं वाचली, आणि फुली मारली.'